आमची वाडी 'शहर' झाली म्हणे! नगरपंचायतीतून बाहेर पडायच्या अर्जावर सही करू का?

पऱ्ह्यापलीकडचा

मंडळी, प्रश्न सरळ आहे पण पार्श्वभूमी लांब आहे, त्यामुळे जरा सांभाळून घ्या.

आमचं गाव कोकणात, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी माझ्या काकांचं नाव सांगेल. नदीकाठी बाजारपेठ, तिच्याभोवती एसटी स्टँड, तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय. वर चढून गेलं की सडा, सगळा कातळ. सडा ओलांडून उतरलं की एक पऱ्ह्या (ओढा), त्यावर साकव (छोटा पूल), आणि साकवापलीकडे आमची वाडी. बाजारपेठेपासून साडेचार किलोमीटर. बावन्न घरं, त्यातली एकोणीस कुलूपबंद. ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात.

२०१४-१५ च्या सुमारास सरकारने तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती काढून नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात आमचाही नंबर लागला. अख्खं महसुली गाव हद्दीत गेलं, म्हणजे वाडीपण गेली. एका सकाळी उठलो तेव्हा आम्ही शहरी होतो. पऱ्ह्या तिथेच, साकव तिथेच, बिबट्यापण तिथेच.

तेव्हापासून घरपट्टी वाढली, गोठ्यालाही आकारणी लागली. रोजगार हमी गेली, तिच्यातून होणारी काजू-आंब्याची लागवड गेली. वाडीच्या पलीकडच्या बाजूला शेजारच्या गावाची हद्द लागते, तिथल्या माणसाने त्याच योजनेतून कलमं लावली, आता ती माझ्यापेक्षा उंच झालीत. मी रोज बघतो.

आता वाडीत एक अर्ज फिरतोय: आम्हाला नगरपंचायतीतून वगळा आणि शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडा. मी मुंबईत असतो, पुढच्या आठवड्यात जातोय. सही करावी का? कुणाला असा अनुभव आहे का?

खट्याळ_काळू

शहरात राहून गावाची आठवण काढणारे पुष्कळ पाहिले. गावात राहून गावाची आठवण काढणारा पहिलाच.

सातबारा

काही गोष्टी आधी स्पष्ट करून घेऊ, कारण या विषयावर लोक तीन वेगवेगळ्या हद्दी एकत्र करतात.

महसुली गाव म्हणजे सातबाऱ्यावरचं गाव. नगरपंचायत झाली तरी ते बदलत नाही. तलाठी तोच (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), गट नंबर तेच. बदलतं ते स्थानिक स्वराज्य संस्थेचं छत्र. आधी तुम्ही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली होता, आता १९६५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाखाली आलात. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, आणि प्रभाग सतरा.

७४ व्या घटनादुरुस्तीत नगरपंचायत ही 'संक्रमण क्षेत्रा'साठी आहे, म्हणजे खेड्याचं शहर होत चाललेल्या जागेसाठी. आपल्या कायद्यात त्यासाठी दहा ते पंचवीस हजार लोकसंख्या आणि निदान २५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा अशी कसोटी होती. तालुक्याच्या ठिकाणांसाठी मात्र लोकसंख्येची अट बाजूला ठेवली गेली. त्यामुळे चार-पाच हजारांची गावंही एका अधिसूचनेने 'संक्रमित' झाली.

पऱ्ह्यापलीकडचा

@सातबारा, धन्यवाद. 'संक्रमित' शब्द आवडला. करोनाच्या आधीच झालो म्हणायचं.

दोडामार्गची_लेक

आमच्या सिंधुदुर्गात बघा, नगरपंचायतींची नावंच जोडनावं आहेत: देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी, कसई-दोडामार्ग. लग्नानंतर माहेरचं आडनाव लावतात तसं. बाहेरच्या माणसाला देवगड माहीत, जामसंडे ठाऊक नाही. खरं तर खाली बंदर आणि वर सड्यावर वस्ती, एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचं नाव पहिलं लागलेलं चालत नाही. आमच्याकडे कसई हे मूळ गाव आणि दोडामार्ग ही बाजारपेठ. टपालावर, एसटीच्या पाटीवर, तालुक्याच्या नावात सगळीकडे दोडामार्ग. कसई फक्त नगरपंचायतीच्या पाटीवर दिसते. तेवढ्यासाठी तरी नगरपंचायत राहू दे असं माझे आजोबा म्हणायचे.

बाकी आम्ही हद्दीवरचे. तिळारीचं धरण इकडे, पाणी गोव्यालाही जातं. आणि आम्ही दुखलं-खुपलं की म्हापशाला.

गजालीकार

आमच्या हय पण ह्याच झाला. पयली सरपंच वाटेत गावायचो, थयच धरून इचारूक येय. आता मुख्याधिकारी मिटिंगेत.

माजी_सदस्य

ग्रामपंचायतीचे गोडवे गाणाऱ्यांसाठी: मी दहा वर्षं सदस्य होतो, एकदा उपसरपंचही. आतलं सांगतो.

ग्रामसभेचा कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, दोन्हींत जे कमी असेल ते. सकाळी दहाची वेळ. साडेदहाला आम्ही सतरा जण, त्यात सात सदस्य, एक शिपाई आणि भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावातल्या पोराटोरांना पाठ. म्हणून पहिल्या सभेला कुणी यायचंच नाही. दुसऱ्या सभेला दोघं-तिघं हौशी, एक कायमचा तक्रारखोर, आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे भाऊसाहेब संध्याकाळी चहा पिताना ठरवायचे.

आणि पैसा? पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट यायला लागला हे खरं, पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. उरलेल्यात तुमचा साकव होणार होता का? नगरपंचायतीला निदान रस्त्यांसाठी बरा निधी मिळतो, अग्निशमनाची गाडी मिळते. आमच्याकडे वणवा लागला की आम्ही टाहाळ (पानांच्या फांद्या) घेऊन धावायचो.

घरकुलाचंही बघा. २०२५ पर्यंत ग्रामीणला सव्वा लाखाच्या आसपास मिळायचे, शहरीला अडीच लाख. आता सांगा कोण फायद्यात?

पऱ्ह्यापलीकडचा

@माजी_सदस्य, कोरमचं अगदी बरोबर, आमच्याकडेही तसंच होतं. पण काका, तो कायमचा तक्रारखोर उभा राहून बोलू तरी शकत होता! आता सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलणार, आम्ही बाहेरच्या बाकावर. आमच्या वडिलांनी साकवाचा कठडा एका ग्रामसभेत भांडून मिळवला होता. तोच कठडा चार पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. आता नगरसेवक म्हणतो, 'अंदाजपत्रकात घेतलंय'.

घरकुलाचं म्हणाल तर अडीच लाख खरे, पण आमच्याकडे त्याला बांधकाम परवानगी, नकाशा, वास्तुविशारदाची सही. जमीन आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर तेवीस नावं. दोन घरकुलं मंजूर होऊन पडून आहेत.

माजी_सदस्य

तेवीस नावं काय ग्रामपंचायतीत तीन होणार होती? वारसतपास तुमचाच बाकी.

पऱ्ह्यापलीकडचा

:) मान्य. तेवढं बसून करायला हवं.

शेवंती

मी अशाच एका 'नवशहरी' वाडीतली सून. घंटागाडीची गोष्ट सांगते.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा सगळी पोरं मागे धावली, गाणं लावून आली होती ना. दारात थांबली. सासूबाई बाहेर आल्या. गाडीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा." त्या म्हणाल्या, "ओला म्हशीला घातला, सुका बंबात गेला. तुला काय देऊ?" मुलगा बिचारा उभाच. मग त्यांनी त्याला चार आमसुलं बांधून दिली, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. आता तो दर मंगळवारी येतो, कचरा नेत नाही, ताक पिऊन जातो. घरपट्टीच्या बिलात मात्र घनकचऱ्याची वेगळी ओळ असते.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम होता. आमच्याकडे ती खरोखर व्हायची. बायका घरून चटई घेऊन जायच्या. विहिरीवर रहाट हवा की मोटार हवी यावर आम्ही दोन तास वाद घातलाय. नगरपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आमची नगरसेविकाही चांगली आहे, पण ती चटई गेली.

रानमोगरा

@शेवंती, वाचनखूण साठवली. ताकवाला मुलगा कायम लक्षात राहील.

सूर्यामाळचा

पालघरकडून लिहितोय. आमच्या भागात हा प्रश्न कोकणापेक्षा जड आहे.

मोखाडा, विक्रमगड, तलासरी ही सगळी अनुसूचित क्षेत्रातली तालुक्याची गावं, आणि तिथे नगरपंचायती झाल्या. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रांसाठीचा) हा पंचायतींसाठी आहे, नगरपालिकांसाठी तसा कायदा संसदेने अजून केलेलाच नाही. म्हणजे पाडा जोवर ग्रामपंचायतीत होता तोवर पाड्याच्या ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, दारूचं दुकान यावर बोलण्याचा कायदेशीर अधिकार होता. २०१४ च्या राज्याच्या नियमांनी तर पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येतं. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधीही पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. हद्दीत गेलं की हे सगळं एका रेषेने बाहेर.

आणि रेषा कशी? बाजारातलं किराणा दुकान आणि तीन किलोमीटरवरचा नाचणी लावणारा पाडा एकाच छत्राखाली. भात-नाचणीचं वरकस रान आहे, शहर काय म्हणता!

जव्हारचं वेगळं. तिथे संस्थानच्या काळात, १९१८ पासून नगरपालिका आहे. ती शहर म्हणूनच वाढली, लोकांना सवय आहे. कालपर्यंत ग्रामपंचायत असलेल्या पाड्याला तो न्याय लावता येत नाही.

सातबारा

@सूर्यामाळचा, हा मुद्दा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. कोकणातल्या वाडीला पैसे गेल्याचं दुःख आहे, तुमच्याकडे अधिकारच गेलाय.

न्यूजर्सीकर

इथे एडिसनला बसून वाचतोय. आमचं एडिसन ही 'टाउनशिप'. लोकसंख्या लाखाच्या वर, तरी टाउनशिप. आणि तिच्या पोटात मेटाचेन नावाचं वेगळं 'बरो', चारी बाजूंनी एडिसनने वेढलेलं. मेदूवड्याचं भोक म्हणा. स्वतःचा महापौर, स्वतःची शाळा. एवढ्याशा राज्यात अशा ५६४ नगरसंस्था. लोक वर्षानुवर्षं म्हणतात एकत्र करा, खर्च वाचेल. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ मध्ये एक झाले, तेही अनेक दशकांच्या मतदानांनंतर.

सांगायचा मुद्दा: इकडे दोन गावं जोडायची तर लोकांचं मत घेतात. आपल्याकडे अधिसूचना येते.

खट्याळ_काळू

@न्यूजर्सीकर, सगळ्यात लहान केवढी?

न्यूजर्सीकर

वॉलपॅक, सात माणसं. तिच्या खालोखाल टॅविस्टॉक. २०२० च्या जनगणनेत नऊ माणसं. मुळात गोल्फ क्लबसाठी वेगळी काढलेली.

खट्याळ_काळू

नऊ माणसं! कोरम पूर्ण, तहकूब करायची सोय नाही. माजी_सदस्य काका तिथे एक दिवस टिकणार नाहीत.

पुनवडीकर

अवांतर: पुण्यात 'टाउनशिप' म्हणजे गेट, रखवालदार आणि क्लब हाउस. धाग्याच्या विषयात 'लहान गावाचा कारभार' वाचून मला वाटलं सोसायटीच्या पार्किंगचा विषय आहे.

पण लोकसंख्येवर काही नसतं हे मात्र खरं. आमची वाघोली २०२१ मध्ये मनपात जाईपर्यंत ग्रामपंचायतच होती, वीस मजली इमारती आणि सरपंच. उलट पन्हाळा बघा, किल्ल्यावरचं गाव, २०११ ला तीन हजारांच्या आसपास वस्ती, तरी नगरपरिषद. माथेरानची नगरपालिका तर १९०५ ची, तिथेही जेमतेम चार हजार माणसं, आणि मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. गिरिस्थान म्हणून वेगळा विचार झाला. मग सड्याच्या, पाड्याच्या भूगोलाचा वेगळा विचार का नको?

फोंड्याचो_झील

कुणीतरी 'चटई गेली' म्हणालं म्हणून राहवलं नाही. गोव्यात ग्रामसभा रविवारी असते, आणि लोक येतात. रविवार सकाळ, आधी मासळीबाजार, मग ग्रामसभा. मेगा प्रकल्प, डोंगरकापणी या विषयांवर तर दुपारचं जेवण चुकतं. एकूण १९१ ग्रामपंचायती, राज्य एवढंसं, आमदारसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसतो. ग्रामसभा निर्जीव असणं हा तिचा स्वभाव नाही हो, @माजी_सदस्य, कामाच्या दिवशी सकाळी दहाला ठेवली तर कोण येणार?

माजी_सदस्य

रविवारचा मुद्दा मान्य. आम्ही मुद्दामच सोमवारी ठेवायचो. (आता सांगायला काय हरकत आहे.)

कलमी_काजू

विकास आराखड्याबद्दल कुणीच बोललं नाही. नगरपंचायत झाली की आज ना उद्या आराखडा येतो. आमच्याकडे आला. माझ्या काजूच्या बागेवर आरक्षण पडलं. कशाचं? बागेचं. 'उद्यान'. एकशे चाळीस झाडं उभी आहेत तिथे सिमेंटचा हत्ती आणि घसरगुंडी येणार. सभोवती काय, तर काजूच्याच बागा. संध्याकाळी फिरायला कोण येणार, तर माकडं.

प्रारूप आराखडा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला होता. मला कळलं तेव्हा हरकतीची मुदत संपून आठवडा झाला होता.

सातबारा

@कलमी_काजू, आराखडा अंतिम होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. तारीख लिहून ठेवा.

कलमी_काजू

बारा वर्षं. झाडं तोवर म्हातारी होतील. पण लिहून ठेवतो.

फाईलवाला

(नगरपालिका प्रशासनात नोकरी केली, आता निवृत्त. कुठे ते विचारू नका.)

मूळ प्रश्नाकडे. बाहेर पडता येतं का? येतं. हद्द ठरवणारी अधिसूचना राज्य सरकारची, ती बदलायचा अधिकारही सरकारचा. आधी प्रारूप, मग हरकती-सूचना, मग अंतिम. उदाहरणं मोठ्या गावांची आहेत: फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे मनपात गेली, करावरून ओरड झाली, आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं तर १९८३ ला आत, २००२ ला बाहेर, २०१५ ला पुन्हा आत.

पण या सगळ्यांच्या मागे मतांचा गठ्ठा होता. तुमची बावन्न घरं. एवढ्याची स्वतंत्र ग्रामपंचायत होणार नाही, शेजारच्याला जोडून घ्यावं लागेल. म्हणून पहिलं काम शेजारच्या ग्रामसभेत जाणं. त्यांनी तुम्हाला घ्यायचा ठराव केला नाही तर तुमचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेल. आणि ते सहज घेणार नाहीत, कारण तुम्ही म्हणजे एक साकव आणि लांबचा रस्ता.

दुसरं, अर्जाला भावना जोडू नका, नकाशा जोडा. बाजारपेठेपासून अंतर, मधला कातळ, शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांची संख्या, बंद घरांची वेगळी. कायदा जे मोजतो तेच मोजून द्या.

तिसरं, फळबागेसाठी रोजगार हमी योजनेवर (रोहयो) अडून बसू नका. रोहयोत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कृषी सहायकाला धरा.

पऱ्ह्यापलीकडचा

@फाईलवाला, हे सोन्यासारखं आहे. फुंडकर योजनेचं आमच्या वाडीत एकालाही माहीत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. पंचायत समितीची इमारत आमच्याच गावात, आमच्या मतांवर आमदार होतो, पण पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला आम्हाला मत नाही. शाळा मात्र अजून जिल्हा परिषदेची. छप्पर गळतं तेव्हा नगरसेवक म्हणतो शाळा आमची नाही, आणि जिल्हा परिषद सदस्य म्हणतो मतदार आमचे नाहीत.

शेवंती

आमच्या शाळेचंही अस्संच! शेवटी पालकांनी ताडपत्री घातली.

पुनवडीकर

काय झालं मग? गेलात का गावी?

पऱ्ह्यापलीकडचा

गेलो, आलो. वृत्तांत देतो.

देवळात बैठक झाली. मला वाटलं होतं, वाडी एका बाजूला आणि नगरपंचायत दुसऱ्या बाजूला. तसं नाही. बंद घरांच्या एकोणीस मालकांपैकी अकरा जण फोनवर होते, एकाच मोबाईलच्या स्पीकरवर, तो मोबाईल पुजाऱ्याने तांब्याला टेकवून ठेवलेला. त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं, बाहेर पडू नका. का? 'नगरपंचायत हद्दीत' म्हटलं की जागेला भाव येतो. एकाने तर सड्याची जागा दाखवायला माणसं आणून झालीत. त्यावर गुरं राखणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, "तुमका जागा इकूची आसा, आमका रवाचा आसा." मग फोनवरून कुणीतरी काहीतरी बोललं आणि रेंज गेली. गेली की घालवली, माहीत नाही.

शेजारच्या सरपंचांना भेटलो. चहा दिला, हसले, म्हणाले साकव दुरुस्त करून या, मग बघू.

नकाशा काढायला घेतलाय. पाऊलवाटा मोबाईलवर मोजल्या. बाजारपेठ ते वाडी सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटर भरते, चालत साडेचार. अर्जात कुठला आकडा घालायचा यावर आणखी एक बैठक.

तेहतीस उघड्या घरांपैकी एकवीस सह्या झाल्यात. माझी अजून नाही. गणपतीत सगळे आले की समोरासमोर बोलू असं ठरलंय.

खट्याळ_काळू

एकविसाव्यात घरची कुणाची?

पऱ्ह्यापलीकडचा

आईची. पहिलीच.